लीग बदलू न देणारे काका

आमच्या कॉलेजच्या हॉकी टीमवर तिच्या अकरा खेळाडूंपेक्षा, त्यांच्या कोचपेक्षा आणि त्यांच्या सख्ख्या आईबापांपेक्षाही जास्त प्रेम करणारा माणूस ह्या पृथ्वीतलावर एकच होता, आणि त्यानं उभ्या आयुष्यात हॉकी स्टिक हातात धरलेली नव्हती. ते आमचे लॅबवाले काका. नात्यानं माझे कोणी नव्हेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी उत्तर लंडनमध्ये, एजवेअरजवळच्या एका टेक्निकल कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो, तेव्हा ते तिथल्या मटेरियल्स लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन होते. लोखंडाचे तुकडे यंत्रात ताणायचे आणि ते किती ताणल्यावर तुटतात ह्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि तिसरा प्रश्न टाकला, "शनिवारी दुपारी काय करतोस?" मी म्हटलं, "काही नाही." त्या दोन शब्दांपायी माझे पुढचे कित्येक हिवाळे चिखलात गेले.

साइडलाइनवर काका उभे राहत नसत. बॉल जिकडे जाईल तिकडे तेही बाहेरून चालत जात, लॅबचा तपकिरी कोट ओव्हरकोटाच्या वरून चढवलेला, एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्यात एक चिमुकली वही. सामना संपेपर्यंत त्यांची चाल आमच्या लेफ्ट हाफपेक्षा नक्की जास्त व्हायची. इतर वेळी त्यांचं इंग्रजी अगदी इस्त्री केलेलं असे, पण आमचा फॉरवर्ड गोलच्या तोंडाशी चुकला की तोंडातून मराठीच फुटायचं. एकदा अंपायर सामना थांबवून त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे गाढवा गाढवा म्हणजे काय?" काका शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे फार कष्ट करणाऱ्या एका प्राण्याचं नाव आहे. आम्ही प्रेमानं म्हणतो." अंपायरनं ते लक्षात ठेवलं आणि पुढच्या मोसमात आमच्या गोलकीपरनं पेनल्टी अडवली तेव्हा जाता जाता त्याची पाठ थोपटून "वेल डन, गाढवा" म्हणाला.

आमची एक सपोर्टर्स असोसिएशन होती. अध्यक्ष अर्थात काका. सभासद आम्ही पाच जण : काका, मी, कँटीनमधली जीन, लायब्ररीतला ओवेन नावाचा वेल्शमन आणि गणिताचे निवृत्त लेक्चरर मिस्टर पाइक. पाइकसाहेबांचा म्हातारा कुत्रा सहावा, पण त्याला मताचा अधिकार नव्हता. "मागच्या दोन्ही ठरावांच्या वेळी तो झोपला होता," असं काकांनी कारण दिलं होतं.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना खटकायची. शेवटची शिट्टी वाजली की काका तिथं नसत. जिंकलो तरी नाही, हरलो तरी नाही. बाकीचे आम्ही खेळाडूंबरोबर पॅव्हिलियनमध्ये सँडविच खायला जायचो, आणि काका गेटबाहेर, वेम्बलीच्या बसमागे पळत असायचे. एकदा तर सामना बरोबरीत होता, आम्हाला शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळालेला, आणि ह्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं, छत्री काखेत मारली आणि चालू लागले. "ही इज अ स्ट्रेंज मॅन, युअर अंकल," जीन म्हणाली. मीही कबूल केलं. घरी बायको आहे, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी कुणाला कधी घरी बोलावलं नव्हतं, आणि आपण होऊन जाण्याइतका धीट मी नव्हतो.

मग लीगचं प्रकरण उपटलं. आमची टीम आसपासच्या कॉलेजांच्या लहानशा लीगमध्ये खेळायची. हॅरो, हेंडन, वॉटफर्ड. सगळा कारभार बसच्या टप्प्यातला. त्यातली दोन कॉलेजं गळाली, उरलेल्यांना आम्ही सटासट हरवायला लागलो, आणि दक्षिण इंग्लंडमधल्या मोठ्या लीगचं आम्हाला बोलावणं आलं. म्हणजे साउथॅम्प्टन, ब्रायटन, ऑक्सफर्ड. सकाळी कोचमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसायचं, काळोख पडल्यावर परतायचं. टीमचा कॅप्टन सायमन नावाचा दांडगा मुलगा होता. तो कँटीनमध्ये येऊन म्हणाला, "इथं आम्हाला कोण पाहतं?" काकांनी सूपचा चमचा खाली ठेवला. "आम्ही पाहतो. पाच जण. मोजून घे."

त्या हिवाळ्यात कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. काकांचा लीग बदलायला कडाडून विरोध. त्यांनी लॅबच्या टाइपरायटरवर चौदा पानांचं निवेदन तयार केलं. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यानं स्टिकचं लाकूड कसं फुगतं, ह्यावर दोन पानं आणि एक आलेख. कोचच्या प्रवासानं गुडघे कसे आखडतात, ह्यावर तीन. लांबच्या गावातले अंपायर यजमानांच्या बाजूनं कसे झुकतात, ह्याच्या पुराव्यादाखल त्यांनी क्रिकेटमधली उदाहरणं दिली होती. मी ते वाचलं आणि म्हणालो, "काका, राग मानू नका, पण ह्यात एकही खरं कारण नाही." काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरी कारणं टाइप करायची नसतात," ते म्हणाले आणि कागद गोळा करून गेले. मला तोही एक विनोदच वाटला.

कॉलेजच्या स्पोर्ट्‌स कमिटीत चार मतं इकडे आणि चार तिकडे पडली. तेव्हा प्रिन्सिपल म्हणाले, सपोर्टर्सना विचारा, थंडीत तेच उभे राहतात. आमची पाच जणांची सभा लायब्ररीच्या मागच्या खोलीत भरली. ओवेन आणि पाइकसाहेब बदलाच्या बाजूचे, जीन काकांच्या बाजूची. उरलो मी. मी चांगलं दहा मिनिटं बोललो. पोरं वीस वर्षांची आहेत, तीन वर्षांत निघून जातील, आपल्या सोयीसाठी त्यांना डबक्यात ठेवायचं का, वगैरे. बोलताना मला वाटत होतं की मी फार निःस्वार्थी बोलतोय. खरं तर मुलांपेक्षा स्वतःबद्दलच बोलत होतो. मलाही त्या कॉलेजातून कुठंतरी मोठ्या जागी जायचं होतं आणि कुणी बोलावत नव्हतं. मी हात वर केला. तीन विरुद्ध दोन. काकांनी निकाल स्वतःच्या हातानं सभेच्या मिनिट्‌समध्ये लिहिला, खाली सही केली आणि उठून माझा हात हातात घेतला. "चांगलं बोललास, मास्तर," म्हणाले. त्यांचा हात गार पडला होता.

सप्टेंबरात नवी लीग सुरू झाली. एजवेअरच्या मैदानावर सामना असला की काका असत, पण बाहेरच्या एकाही सामन्याला ते आले नाहीत. ब्रायटनला आम्ही सात गोल खाल्ले, ऑक्सफर्डला पाच. सोमवारी लॅबमध्ये मी हकिकत सांगायला जायचो, तर ते लोखंडाचा तुकडा यंत्रात लावण्यात गुंतलेले. म्हातारा रुसला, असं मी धरून चाललो. शेवटी नोव्हेंबरातल्या एका रविवारी मनाचा हिय्या केला, ईलिंग रोडवर पेढे घेतले आणि पत्ता शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. दार उघडल्यावर काकांच्या चेहऱ्यावर राग मुळीच नव्हता. भीती होती.

"कोण आलंय हो?" आतून बाईंचा आवाज आला, आणि मग त्यांना मला आत घ्यावंच लागलं.

पुढच्या खोलीत, खिडकीशी, हॉस्पिटलात असतो तसला उंच पलंग होता. त्यावर काकू होत्या. सांधे धरत जाण्याच्या आजारानं सहा-सात वर्षं त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं. हाताची बोटं आत वळलेली, मान एवढीशी हलायची. डोळे मात्र लख्ख. त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ते मास्तर ना? थंडी वाजली की एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचणारे? आणि जीनचा तो हिरवा हातमोजा सापडला का?"  त्यांना सगळं माहीत होतं. सायमनची डावीकडे फसवून उजवीकडे वळायची खोड, पाइकसाहेबांच्या कुत्र्याचा खोकला, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं ते. भिंतीवर एक फोटो होता : पांढऱ्या सलवार-कमीजमधल्या अकरा मुली, हातात हॉकी स्टिक्स. "पुण्याची आमची कॉलेजची टीम," काकू म्हणाल्या. "मी लेफ्ट विंग. हे तेव्हाही साइडलाइनवरच असायचे."

काका चहा करायला आत गेले. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. काकूंच्या बोलण्यात आलं होतं की कामाच्या दिवशी नर्स येते, शनिवारी मात्र शेजारच्या गुजराती बेन दुपारी एक ते चार त्यांच्यापाशी बसतात. तीन तास. त्यात जेवढं मैदान येईल तेवढंच काकांचं जग. एजवेअर येत होतं, हॅरो, हेंडन येत होतं. साउथॅम्प्टन येत नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "लीग बदलली त्याला मी..."

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं मला माहीत नाही. कोटात विसरलेली ती चौदा पानं बेननी मला वाचून दाखवली. आजही दर शनिवारी घरून निघतात. बाहेरगावचा सामना असला की तीन तास कुठं बसतात देव जाणे, लायब्ररीत बसत असतील. मग येऊन मला सगळी मॅच सांगतात, जणू इथं हॅरोलाच झाली. दोन महिन्यांत टीम एकही सामना हरलेली नाही, मास्तर. इतकी चांगली नाही हो तुमची टीम." त्यांना हसू आलं, आणि हसताना दुखलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. "मागल्या आठवड्यात टीव्हीवर सांगितलं, लंडनसकट दक्षिणेत पुरामुळे सगळी मैदानं बंद. हे आले आणि म्हणाले, चार-एकनं जिंकलो. चारही गोल सांगितले मला. तिसरा तर फारच सुरेख होता."

"आम्ही परत मत घेऊ," मी म्हणालो. "कमिटीला सांगतो मी."

"काही सांगायचं नाही. पोरांना जाऊ दे. मी तिथं असते तर तुमच्याच बाजूनं हात वर केला असता." मग स्वयंपाकघराकडे कान देऊन त्या म्हणाल्या, "हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर मला कधी विचारलं नाही."

चहा झाल्यावर काका मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले.  मग म्हणाले, "तिला सांगितलं नाहीस ना, की मी मॅचला जात नाही म्हणून?" मी म्हटलं, "नाही काका." तेवढं खरंच होतं.  मी म्हणालो, "मॅच संपल्यावर मी तुम्हाला फोन करत जाऊ का? खरा स्कोअर सांगायला?" बस आली, मी चढलो, तेव्हा कुठं ते म्हणाले, "स्कोअर नको. स्कोअरचं मी बघतो. बाकीचं सांग."

बाकीचं म्हणजे काय, ते पुढच्या शनिवारी कळलं. साउथॅम्प्टनच्या एका फोन बॉक्समध्ये मी नाणी टाकत उभा, आणि पलीकडे घराजवळच्या बॉक्समध्ये काका. "वारा कुठून होता? त्यांचा गोलकीपर जाडा की बारीक? लेफ्ट विंग पडला म्हणालास, तो हसत उठला की चिडून?" मला एकाचंही उत्तर येईना. दर शनिवारी साइडलाइनवर उभा राहून मी काहीच बघत नव्हतो, हे त्या दिवशी समजलं. हळूहळू शिकलो. समुद्रपक्षी मैदानात उतरल्यामुळे खेळ थांबला ते सांगितलं, अंपायरच्या पँटीला भोक होतं ते सांगितलं. रविवारी कधी गेलो तर काकूंच्या तोंडून तेच सगळं ऐकायला मिळे, फक्त गोल आमच्या बाजूला वाढलेले. आम्ही तिघं तीन बाजूंनी एकच खोटं सांभाळत होतो, आणि त्या दोन हिवाळ्यांइतका मी वेम्बलीत कधीच रमलो नाही.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत काकू गेल्या. न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत संपलं. आम्ही सगळे गेलो होतो. सायमन तोपर्यंत शिकून नोकरीला लागला होता, तोही आला. ज्या बाईनं त्याला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी तो काळा टाय लावून मागच्या बाकावर बसला होता, आणि आपण इथं का रडतोय हे त्याला कुणी समजावून सांगावं असा त्याचा चेहरा झाला होता.

तीन आठवड्यांनी साउथॅम्प्टनला सामना होता. आमची कोच पोचली तर काका मैदानावर आधीच हजर. पहाटेच्या ट्रेननं आले होते. "काका, इतक्या लांब?" मी म्हणालो. ते म्हणाले, "लांब कसलं? कधी परत येणार ते कुणी विचारणार नाही आता." सगळा सामना ते एका जागी उभे राहिले. बॉल गेला, आला. ते हलले नाहीत, ओरडले नाहीत. आम्ही दोन-शून्य हरलो. परतताना मी कोच सोडून त्यांच्याबरोबर ट्रेननं आलो.

समोरासमोर बसलो होतो. बाहेर ओली शेतं मागं पडत होती. रस्ता सरावा म्हणून मीच काहीबाही बोलत राहिलो, आणि मग उगाच विचारलं, "काका, काकूंची ती पुण्याची टीम चांगली होती का हो? जिंकायची?"

काकांनी आठवून पाहिलं. खरंच कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"कोण जाणे रे," ते म्हणाले. "मी बॉलकडे कधी पाहिलंच नाही."