माक ओदाहचा हात

मासा घाबरला की त्याच्या रक्तातली साखर चढते. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. एकवीस वर्षं मत्स्यकेंद्राच्या टाक्या घासतोय, एवढं कानावर पडणारच. मासा आठ दिवस उपाशी ठेवा, यकृतातला साठा गुपचूप पुरवून खातो, साखर फारशी हलत नाही. पण जाळी घेऊन मागे लागा की तोच साठा भसाभस रक्तात ओततो. पळायला बळ नको? म्हणून आमच्याकडं मासा धरणाऱ्याच्या हाताला मोल. आणि असा हात एकच होता, माक ओदाहचा.

माक म्हणजे आई. सगळं केंद्र तिला माकच म्हणायचं, बांडुंगहून येणारे साहेबसुद्धा. ती आधी टाकीशी नुसती बसून राहायची. मग श्वास रोखायची आणि जाळी खालून अशी वर आणायची की टाकीतल्या गुरामी माशाला कळायचंही नाही. डोळ्यांवर ओला फडका टाकला की मासा गप. शेपटीतून थेंबभर रक्त काढायचं आणि माणसांची साखर बघायच्या यंत्रावर टाकायचं. आकडा यायचा साठाच्या आसपास.

यंदा प्रयोग होता केंद्रातल्या संशोधक विदुरीचा. आम्ही तिला नेंग म्हणजे पोरी म्हणायचो, ती मला कांग म्हणजे दादा. पोरगी हुशार, पण कायम घोड्यावर बसलेली. आमच्या गावातल्या बायका शाबूकंदाचं पीठ घालून माशांचं खाद्य करतात, बाजारच्यापेक्षा स्वस्त. ते माशाला मानवतं का, हे बघायचं होतं. पीठ खाल्लं की माशाच्या रक्तात साखर रेंगाळते, आपल्यासारखी झटकन उतरत नाही. किती रेंगाळते, हाच सगळा प्रश्न. पहिल्या टाकीला बाजारचं खाद्य, दुसरीला शाबूकंदाचं. सकाळी चारायचं, दुपारी रक्त. रोज आधी पहिली टाकी, मग दुसरी.

पहिल्या टाकीचा आकडा साठच, दुसरीचा आला एकशे वीस. चौथ्या दिवशीही तेच.

"गेलं हे खाद्य," विदुरी वैतागून म्हणाली. "सोमवारी लिहून टाकते. गावाला म्हणावं, बंद करा."

माक फडका पिळत राहिली. पण मी बघितलं होतं. पहिल्या टाकीपर्यंत तिचा हात नीट चालायचा. दुसरीशी जाईतो मनगट थरथरायला लागायचं, जाळी काठावर खडखडायची, एका माशासाठी चारचारदा पाण्यात जायची. टाकीभर नुसती दाणादाण. सांगावं तर माकचं काम जातं, न सांगावं तर गावातल्या बायकांचं. मी पडलो भित्रा. खाली मान घालून टाकी घासत राहिलो.

दुपारी डबा उघडून बसलो होतो, तेव्हा तिनंच विषय काढला.

"कोसिम, तुला दिसतंय ना?"

"काय गं?"

"वेड पांघरू नकोस. हात."

"माक, गप्प बस की. सोमवारी प्रयोग संपतोय. कुणाला कळतंय?"

"माशाला कळलंय ना! मेला रोज त्या यंत्रावर माझी चुगली करतोय." ती हसली, पण हसू ओठावरच राहिलं. "दमले रे मी. जाळी धरून नाही, लपवून दमले. जेवतानासुद्धा डाव्या हातानं उजवा धरून ठेवते."

भात तसाच ठेवून ती उठली.

"नेंग," ती विदुरीला म्हणाली, "आज दुसरी टाकी आधी करू."

"का हो माक?"

"म्हातारीची लहर समज."

शाबूकंदाच्या टाकीतला पहिला मासा निघाला. सत्तर. दुसरा अडुसष्ट. विदुरीनं यंत्र झटकून पुन्हा पाहिलं. मग बाजारच्या खाद्याची टाकी. तोवर माकचं मनगट दगा द्यायला लागलं होतं. जाळी खडखडली, मासे सैरावैरा झाले. आकडा आला एकशे अठरा.

विदुरीनं आकड्याकडं पाहिलं, मग जाळीकडं. हुशारच पोरगी, तिला आणखी सांगावं लागलं नाही.

"माक... कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"हात सोडून माझ्याकडं दुसरं आहे काय, ते सांग."

माकनं जाळी धुतली, भिंतीला टेकवली आणि चपला घालून घरी गेली. मी तिला अडवायला हवं होतं. नाही अडवलं, ते अजून सलतं मला.

खाद्य वाचलं. जाळी माझ्या गळ्यात आली. मी धडधाकट माणूस, हात दगडासारखा स्थिर. पहिलाच मासा धरला, एकशे तीस. चार दिवस श्वास रोखून पाहिला, हळू जाऊन पाहिलं, एकशे तीसच्या खाली उतरायला तयार नाही.

"कांग कोसिम," विदुरी म्हणाली, "माकना घेऊन या. दिवसाला एकच टाकी करू दे त्यांना. हात दमायच्या आत थांबू."

मी जवळजवळ पळतच गेलो. माक पायरीवर चहा घेऊन बसली होती.

"चल माक! एकच टाकी. तुझा बिघडलेला हातसुद्धा माझ्या चांगल्या हातापेक्षा बरा निघाला!"

ती हसली, या खेपेला अगदी मोकळी.

"तीस वर्षं मासा घाबरू नये म्हणून श्वास रोखला रे. त्या दिवशी घरी येऊन सोडला. आता पुन्हा नाही रोखवत."

"मग विदुरीला काय सांगू?"

"सांग, माक दमली. चहा घेतोस?"

तिनं माझ्यासाठी ओतला. अर्धा पेल्यात पडला, अर्धा पायरीवर. उजवा धरायला डावा हात तिनं मांडीवरून उचललासुद्धा नाही. मी ओला पेला तसाच तोंडाला लावला.