रंग जाणाऱ्या मुनिया

माझ्याकडे सहा मुनिया होत्या, सहाच्या सहा हिरव्यागार, आणि तो रंग खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं. मुनिया म्हणजे चिमणीहून बारीक पक्षी, असते मातकट पांढरी, पण स्टेशनबाहेरचा पक्षीवाला त्यांना रंगात बुडवून विकायचा. मी दुसऱ्याच दिवशी एकीला पाणी लावून बघितलेलं. पण बोललो नाही कुणाला, कारण शाळेत ‘फॉरेनच्या आहेत’ असं सांगून मोकळा झालो होतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये रंगीत टीव्ही एकच, आणि रंगीत पक्षी माझ्याकडे.

मुलुंडची आमची गॅलरी तेव्हा झकास होती. बाबांनी ग्रिल लावून सरकत्या काचा बसवलेल्या, आत क्रोटन, मनीप्लांट, तेलाच्या डब्यांत नेचे, आणि मधोमध पिंजरा. राळ्याचे दाणे मी घालायचो, घाण मी काढायचो, कुंड्यांना पाणीपण मीच. ताई फिरकायची नाही, तिला वास यायचा.

तर ताईला बघायला चेंबूरचे लोक येणार होते. ताई सावळी. आधी तिघांनी नको म्हटलं होतं, तिन्ही वेळा रंगावरून, आणि ती सव्वीसची झालेली. आई मला म्हणाली, “पाहुण्यांना गॅलरीत बसवू. पक्षी, झाडं सगळं ताईच बघते, कळलं ना? तू तोंड उघडायचं नाही.”

“पण पक्षी माझे आहेत.”

“एक दिवस तिचे झाले तर मरशील काय रे?”

आले ते. मुलगा, त्याचे वडील आणि मालवणी बोलणारी त्याची आई. ताईनं पोहे आणले. तिनं पावडर जरा जास्तच लावलेली, मानेवर कुठे संपली ते दिसत होतं. मुलाची आई पिंजरा बघून खूश. “तूच सांभाळतंस काय गो ही पाखरां?” ताई हो म्हणाली. काय खातात विचारलं, तर म्हणते, पोळीचा चुरा.

पोळीचा चुरा! मला राहवेना. खरं सांगतो, मला तिला तोंडघशी पाडायचंच होतं. “तिला काय माहीत, मी दाखवतो, गंमत बघा,” म्हणत मी एक मुनिया मुठीत धरली आणि झाडांवर मारायच्या पंपानं तिच्यावर फसाफसा पाणी मारलं. बोटांतून हिरवं पाणी गळायला लागलं, थेट पोह्यांच्या बशीशेजारी. मुठीत राहिला मातकट पांढरा ओला गोळा, थरथरणारा.

मुलाची आई आधी पक्ष्याकडे बघत राहिली, मग ताईकडे.

“मगे चेडवाक पण एकदा धुवन बघूक व्हया.”

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी आम्हालाही कळत होतं. मुलगा हसला. त्याचे वडील हसले. बाबापण हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, कारण गंमत माझी होती ना.

बाई काही नुसतं बोलून थांबल्या नाहीत. “जा गो, तोंड धुवन ये. लाजा नको.”

ताई उठली, मोरीत गेली, तोंड धुऊन आली, पुसलंपण नव्हतं. बाईंनी तिला नीट बघून घेतलं, म्हणाल्या, “बस,” आणि चहा प्यायल्या.

ते गेल्यावर ताईनं गार पाण्याची बादली गॅलरीत आणून ठेवली. साडी तीच. “धुवायची हौस आहे ना तुला? धू. सगळ्या.”

मी म्हटलं, डिसेंबर आहे, मरतील.

“मला काय विचारतोस? तुझ्या आहेत ना?”

सहावी होईपर्यंत ती स्टुलावर बसून होती. सकाळी चार मेल्या होत्या, उरलेल्या दोघी आठवड्याभरात गेल्या. आई म्हणाली, कचऱ्यात टाक. मी टाकल्या.

मग चेंबूरहून कार्ड आलं, मुलगी पसंत. मी ताईला विचारलं, “तू त्या बाईच्या घरी राहणार?”

“मग काय, पाचव्या ठिकाणीपण तोंड धुऊन दाखवू?” असं म्हणून तिनं बाबांना सांगितलं, “हो कळवा.”

लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. भटजींनी हाक मारली तसा मी नवीन सफारीत पुढे झालो, हातसुद्धा उचलला. ताई मान वर न करता म्हणाली, “हा नको. मामाच्या मुलाला बोलवा.”

“अहो, सख्खा भाऊ असताना?” भटजी म्हणाले.

“नको म्हटलं ना.”

मामाचा मुलगा पंगतीत बसला होता. त्याला जेवणावरून उठवून आणलं. त्यानं हात पुसले आणि कान पिळला.