खाडीतली की दर्यातली

दोन तळहातांवर दोन शिंपले, आमच्याकडे म्हणतात त्या तिसऱ्या, ठेवून मास्तर डोळे मिटायचे, हात जरा खालीवर करायचे आणि समोरच्याला विचारायचे, “सांगा बघू, सख्ख्या बहिणी की मावसबहिणी?”

रत्नागिरीच्या आमच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. मी गणित. बिऱ्हाडं शेजारी. त्या वर्षी सगळा गाव मिठाच्या सत्याग्रहाबद्दल बोलत होता. मास्तरांच्या तोंडी मात्र तिसऱ्या. खाडीतली फुगीर, जाड शिंपल्याची. दर्यातली पसरट, एका कडेला लांबट. या दोन वेगळ्या जाती, की एकच जात पाण्यागणिक बदलते, हे त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हतं. आम्हाला जेवायला बोलावलं तरी आमच्या ताटातले शिंपले उचलून निरखत बसत.

“अहो, निदान जेवू तरी द्या त्यांना,” त्यांची बायको, आमच्या वहिनी, हसून म्हणायच्या.

मूलबाळ नव्हतं. ओहोटीला दोघं भाट्याला, खाडीच्या मुखाशी जात. वहिनी तिसऱ्या वेचत, ते चित्रं काढत.

माघात मास्तरांना हिवताप आला. चित्र अर्धंच राहिलेलं. “दोन्हीकडच्या सारख्या मापाच्या मिळायला हव्या होत्या,” ते अंथरुणातून पुटपुटले.

“मी आणते की,” म्हणून वहिनी एकट्याच गेल्या.

भरती आली, वहिनी आल्या नाहीत. खाडीच्या मुखाशी खडकावर त्यांची टोपली तेवढी सापडली. खारवी होड्या घेऊन दर्याकडे निघाले होते. मास्तर घोंगडी पांघरून, माझ्या खांद्याला धरून तिथे आले. टोपलीतल्या वरच्या तिसऱ्या त्यांनी पाहिल्या, मग तळातल्या.

“दर्याकडे जाऊ नका,” ते म्हणाले. “तळाला दर्यातल्या आहेत, वर खाडीतल्या. ती शेवटी खाडीत गेली.”

“नक्की ना वो, मास्तर?” एका खारव्याने विचारलं.

“नक्की.”

तिसऱ्यांबद्दल इतकं ठाम बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा खाडीतल्या कांदळाच्या झाडांपाशी, मांडीपर्यंत चिखलात रुतलेला वहिनींचा देह सापडला.

पुढे ते शाळेत येत राहिले. मुलांना फुलदाण्या काढायला देत. एकदा मीच विषय काढला. ते म्हणाले, “जाती दोनच. एक असती, तर ती मला सापडली नसती.”

वर्षभराने नोकरी सोडून ते दर्यापासून दूर, सावर्ड्याला बहिणीकडे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा ओटीवर बसले होते. मला ओळखलं.

“दादा मागत काहीच नाही,” बहीण म्हणाली. “रोज एवढंच विचारतो, आज पाणी कधी उतरेल?”

सावर्ड्यात ते कोणालाच ठाऊक नसतं.