साखळीतला दादाचा हात

मंडळींनो, नाक्यावरच्या फळ्यावर आज सुविचार नाही. आत्ताच घडलेलं लिहितोय.

उद्या करंजाला आपल्या पनवेलच्या कबड्डी संघाची फायनल. संघात माझ्या शेजारी खेळणाऱ्या माझ्या दादाचा गुडघा गेलाय, म्हणून कप्तान या नात्याने आजच्या सरावात मी त्याच्या जागी दिनेशला घेतलं. दिनेश चपळ आहे, तरी चढाईला आलेला प्रत्येक जण आमच्यातून निसटला. मला झेप घ्यायची वेळच कळेना.

मग उमगलं. साखळीत दादा माझा हात धरून उभा असायचा. तो हात दाबायचा, तेव्हाच मी झेपावायचो.

"दादा, उद्या तूच उतर," मी म्हटलं.

त्याने दिनेशचा हात माझ्या हातात दिला आणि मला म्हणाला, "माजा पाय आता चालत नाय. आजपासून तू दाब."

बोला मंडळींनो, कुणाला उतरवू? मला तर अजून दादाचाच हात हवाय.