व्याह्यांच्या गळ्यातले आवाज

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका पोटात गोष्ट ठेवणारा माणूस अख्ख्या श्रीरामपुरात सापडायचा नाही. मी तर म्हणेन, नगर जिल्ह्यातही नाही. वकील, डॉक्टर, समुपदेशक लोकांचं बोलणं रेकॉर्ड करतात. ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. रेकॉर्डिंगवर नाव नसतं, नुसता नंबर. पण आवाजावरून माणूस कळतोच, आणि व्याह्यांना कायम त्याचीच धास्ती. टाइप करताना ओठ हलतात म्हणून बंद खोलीतसुद्धा ते तोंडाला मास्क लावतात. न जाणो, खिडकीतून कुणी ओठ वाचले तर! काम झालं की गिऱ्हाइकासमोर फाइल पुसायची, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि मोठ्याने म्हणायचं, "विसरलो." रविवारी चर्चमध्ये उपासनेला ते कानात कापूस घालून सगळ्यात मागच्या बाकावर बसतात, कारण सगळे मिळून प्रार्थना म्हणू लागले की त्यात कोणता आवाज ओळखीचा निघेल याचा नेम नाही. एकदा आम्ही बाजारात भाजी घेत होतो. वांग्याचा भाव सांगणाऱ्या बाईचा आवाज ऐकला मात्र, व्याही पिशवी तिथेच टाकून थेट रेल्वे स्टेशनपर्यंत गेले. वर मलाच म्हणतात, "कोणती बाई? मी तर आज बाजारात आलोच नाही, ताई."

शब्द ते खरोखर विसरतात, हे मी पैजेवर सांगेन. पण गिऱ्हाइकांना सगळं जसंच्या तसं हवं असतं. खोकला, उसासा, बोलता बोलता गप्प होणं, सगळं कंसात लिहायचं. नेमकं काय लिहावं हे कळावं म्हणून व्याही स्वतः तसे खोकून बघतात, तसा उसासा टाकून बघतात, आणि ते काही त्यांच्या अंगातून पुसलं जात नाही. चहा पिता पिता मध्येच एखाद्या म्हाताऱ्यासारखी धाप टाकतात, नाहीतर कोवळ्या पोरीसारखा हुंदका गिळतात. त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. विहीणबाई कपबशा उचलत मला म्हणाल्या, "मंगळवारपासून एक बाई खोकतीय यांच्या गळ्यात. लई कोरडा खोकला हाय. काढा द्यावा तर कुनाला द्यावा?" मी पोट धरून हसले. मग बाहेरच्या खोलीतून तो खोकला आला आणि मला उठून बघायची हिंमत झाली नाही.

आमचे हे आजारपणात नगरला एका समुपदेशकाकडे जायचे. घरी माझ्याशी धड बोलेनासे झाले होते. तिथं मात्र तासभर बोलत. ते देवाघरी गेल्यावर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला, की माणूस माझ्यावर रागावून गेला का? त्या समुपदेशकाचं टायपिंग व्याह्यांकडे असतं, हे मला ठाऊक होतं. मी अक्षरशः हात जोडले. व्याह्यांनी बडीशेपेची डबी पुढे केली. "ताई, तुमचे यजमान माझे व्याही. त्यापलीकडे मला काही माहीत नाही." रागाने मी कितीतरी दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही.

परवा लेकीसाठी गेले. दुपारची जेवणं झाली, विहीणबाई आत भांडी आवरत होत्या, व्याह्यांचा समोर खुर्चीतच डोळा लागला. थोड्या वेळाने त्यांनी घसा खाकरला. आधी हलकेच, मग जोरात. नंतर गप्प. काही अवघड सांगायचं असलं की आमचे हे असेच खाकरायचे आणि असेच गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यासमोर मी सगळा संसार काढला होता. आणि जागेपणी एक शब्द न सांडणारे व्याही मिटल्या डोळ्यांनी, यांच्याच आवाजात म्हणाले, "आमची ही ना..."

पुढचं वाक्य यायला घसा तयार होत होता. मला दिसत होतं. मी नुसती बसून राहिले असते तरी सगळं कळलं असतं. पण ते बोलणं यांनी माझ्यापाशी केलं नव्हतं. आणि जागे झाल्यावर या भल्या माणसाला काय वाटलं असतं? मी उठले आणि त्यांचा खांदा गदागदा हलवला.

ते दचकून उठले. कपाळावर घाम. "ताई, मी... मी काही बोललो का?"

"नाही हो. घोरत होता."

त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

घरी परतताना राहुरीच्या एसटीत मी पदर तोंडाला लावून रडले. "आमची ही ना" म्हणताना त्या आवाजात राग नव्हता. हसू होतं, लग्नाच्या नव्या नवलाईत चारचौघांत माझं कौतुक करताना असायचं तसं. किती बरं वाटलं, हे व्याह्यांना सांगावंसं फार वाटतं, पण ते आता जन्मात सांगता यायचं नाही.