संशयाचा कोड नसतो

माझ्या बायकोला तिच्या ऑफिसात पुरावाबाई म्हणतात आणि ते नाव तिला शोभतं. घरातसुद्धा साखर संपली म्हटलं, तर डबा उघडून पाहिल्याशिवाय ती मान्य करत नाही. हॉस्पिटलच्या कोडिंग विभागात ती नोकरीला आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. स्वरयंत्राचा कॅन्सर असेल तर तो नेमका स्वरतंतूंवर, त्यांच्या वर की खाली, एवढ्यावरूनही कोड बदलतो. तिला ते सगळे तोंडपाठ.

या कामात एक नियम आहे. तपासून घरी गेलेल्या रुग्णाच्या कागदावर नुसता 'संशय' लिहिलेला असेल, तर कॅन्सरचा कोड लावायचा नाही. जे लक्षण आहे त्याचाच लावायचा. उगाच कुणाच्या माथी कॅन्सर बसू नये म्हणून. नियम चांगलाच आहे, पण माणूस इतकी वर्षं एका नियमाने वागला की तो अंगात मुरतो.

माझा धाकटा भाऊ गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर 'क्लच, अहो क्लच' म्हणून ओरडायचं आणि मध्ये वेळ मिळाला की सिगारेट ओढायची. त्याचा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला, तेव्हा कुठे तो हिच्याच हॉस्पिटलातल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं. एका स्वरतंतूवर गाठ होती. त्यांनी लिहून दिलं, कॅन्सरचा संशय, तुकडा काढून तपासावा. तो कागद घेऊन स्वारी थेट आमच्याकडे आली. डॉक्टरांपेक्षा त्याचा वहिनीवर विश्वास जास्त.

हिने चष्मा लावला, कागद वाचला आणि त्याला धीर द्यायला म्हणून बोलली, "भाऊजी, संशय म्हणजे आजार नव्हे. आम्ही संशय धरतच नाही. आज तरी तुमचा फक्त आवाज बसलाय."

तुकडा तपासून घ्या, असंही ती पुढे म्हणाली. पण तोवर भाऊ हुश्श करून सोफ्यावर रेलला होता आणि कागद त्याच्या खिशात गेला होता. मग सुट्टीतली शिकाऊंची गर्दी आली, गाडीचं काम निघालं, कुणाचं तरी लग्न आलं. हिने एकदोनदा विचारलं, त्याने हसून उडवून लावलं आणि नंतर हिनेही विचारायचं सोडलं.

जिना चढताना त्याला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही त्याला परत त्याच डॉक्टरांकडे ओढतच नेलं. तुकड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर कदाचित नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल. ते काढलं. आता तो गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतो आणि जे बोलायचं ते पाटीवर लिहितो.

त्याची फाईल फिरत फिरत हिच्याच टेबलावर आली. नातेवाइकाची फाईल हाताळायची नसते, म्हणून हिने ती शेजारच्या टेबलावरच्या बाईला दिली. तिने त्या पहिल्या भेटीला 'आवाज बसणे' हाच कोड लावला. तो बरोबरच होता. घरी येऊन ही मला म्हणाली, "नियमाने माझं काहीच चुकलं नाही. पण भाऊजी काय फाईल होते?"

झालं गेलं विसर, असं मी म्हणून पाहिलं. पण हिला ते खात होतं आणि त्यात भावाची बायको येईल त्या पाहुण्याला सांगायची, ताई हॉस्पिटलात आहेत म्हणून सगळं झटपट झालं. ते ऐकलं की ही उठून बाल्कनीत जायची.

शेवटी एका रविवारी आम्ही भावाकडे गेलो. त्याची बायको आत चहा टाकत होती. ही त्याच्यासमोर बसली आणि आढेवेढे न घेता बोलली, "त्या दिवशी मी तुम्हाला निर्धास्त केलं. माझ्यामुळे तुमचा आवाज गेला."

त्याने पाटी घेऊन लिहिलं, 'माहीत आहे.'

मला वाटलं, पुढे तो लिहील की चूक माझीच होती, वहिनी, तुमची नाही. हीसुद्धा त्याचीच वाट पाहत असावी. त्याने लिहिलं, 'आमच्या हिला कळू देऊ नका.'

आतून कपांचा आवाज आला तशी त्याने तळव्याने पाटी पुसून टाकली. त्याची बायको ट्रे घेऊन आली. भाऊ हात पुढे करत होता, पण तिने पहिला कप माझ्या बायकोपुढे धरला.

"आधी ताईंना," ती म्हणाली.

हिने तो घेतला आणि खाली मान घालून संपवला.