ओव्हिदिओचा रविवार

दुराझ्नो गावात ओव्हिदिओ लारोसाच्या मांस भाजायच्या चिमट्याला दुसऱ्या कुणी हात लावत नसे. अठ्ठावीस वर्षं खाटीकखान्यात सुरा चालवलेला माणूस! रविवारी अंगणात विस्तव पेटला की तो राजा. बायको नेल्बानं बटाट्याची कोशिंबीर करावी आणि गप बसावं. पेटवणाऱ्यानंच शेवटपर्यंत भाजायचं, मध्ये हात घालणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, ही त्या मुलखाची रीतच.

पण वर्षभरात ओव्हिदिओचं डोकं विरत चाललं होतं. किल्ली साखरेच्या डब्यात, नातीला आपल्या बहिणीच्या नावानं हाक. लेक वाल्तेर बायको-मुलींना घेऊन राजधानीतून आला तो ठरवूनच आला होता.

"आई, तिथं एक वृद्धाश्रम बघितलाय. तुला एकटीला नाही झेपायचं हे."

"काही धाड भरलेली नाही त्याला!" नेल्बा फणकारली. "आज त्याच्या हातचं खा, मग तोंड उघड."

बोलून तर गेली, आणि मग विस्तवापाशी जाऊन उभी राहिली.

मांस तीन बोटं जाड होतं, हाडासकट. असला तुकडा ज्वाळेवर टाकायचाच नसतो. लाकडं बाजूला जळू द्यायची, पडतील तसे निखारे ओढून जाळीखाली पसरायचे, आधी हाड तापवायचं, घाई करायची नाही. चव्वेचाळीस वर्षं नुसतं बघून बघून नेल्बाला सगळं पाठ होतं.

ओव्हिदिओनं मीठ लावलं. दोन मिनिटांनी पुन्हा लावलं. मग आच बघायला तळहात जाळीवर धरला. सहापर्यंत मोजता आलं की आच बरोबर.

"एक, दोन, तीन, चार..." तो थांबला. "एक, दोन..."

तळहात लालबुंद व्हायला लागला.

"म्हाताऱ्या, हात काढ!"

"मोजतोय ना मी! मध्ये बोलू नकोस गं!"

नेल्बानं पुढे होऊन त्याचं मनगट ओढलं, आणि हात आपोआप चिमट्याकडे वळला. तेवढ्यात मागे बघितलं तर वाल्तेर दारात उभा, काखेत थर्मास, नजर तिच्या हातावर. चिमटा उचलला तर लेकाला आणखी कसला पुरावा हवा होता? नाही उचलला तर मांसाचा कोळसा. इकडे आड तिकडे विहीर! देवा, असल्या वेळी बाईमाणसानं करायचं तरी काय? तिनं हात मागे घेतला, ॲप्रनला पुसला आणि आत जाऊन कोशिंबीर ढवळत बसली. ढवळून झालेलीच होती ती.

खिडकीतून दिसत होतं सगळं. निखारे एकीकडे राहिले आणि मांस थेट ज्वाळेवर. चरबी पेटली, धूर झाला. ओव्हिदिओ शीळ घालत होता.

ताटात आलं ते वरून काळंठिक्कर, आतून थंडगार, कच्चं. खारट तर इतकं की जीभ सोलून निघावी. नेल्बानं घास गिळला आणि लेकाकडे बघितलं. जन्मात त्यानं बापाला सुखानं भाजू दिलं नव्हतं. "बाबा, हे मांस की बुटाचा तळवा?" म्हणायचा, बाप "मग उपाशी मर गाढवा!" म्हणून ओरडायचा, आणि दोघांची चांगली जुंपायची. बोल ना रे काहीतरी, ती मनात म्हणत होती. एकदा तरी चिडव त्याला.

वाल्तेरनं घास नीट चावून खाल्ला. ताट सरकवलं नाही. डोळे पुसत उठला.

"भाजणाऱ्यासाठी टाळ्या!"

सून उठली, नाती उठल्या, सगळे टाळ्या वाजवायला लागले. थांबेचनात. ओव्हिदिओ चिमटा हातात घेऊन छाती काढून उभा राहिला, तोंडभर हसला.

"मऊ झालंय ना रे पोरा?"

"लोण्यासारखं, बाबा," वाल्तेर हळूच म्हणाला.

नेल्बाला कळून चुकलं, लेकानं बापाशी भांडणंच सोडलं म्हणजे आश्रमाचं नक्की झालं. सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून तिनंही टाळ्या वाजवल्या.